पहिलं सरकारी काम पैशासाठी नको, दाखल्यासाठी घ्या

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. रबाळे एमआयडीसीत तुमच्या नावावर फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. नऊ कामगार आहेत आणि गेल्या तीन वर्षांची सरासरी उलाढाल एक कोटी चाळीस लाख आहे. बाक, रॅक, कचरापेट्यांचे स्टँड, रेलिंग, सोसायट्यांची गेटं आणि आसपासच्या कंपन्यांची किरकोळ कामं तुम्ही करता. आता नवी मुंबई महापालिका, सिडको, ठाणे महापालिका यांच्या निविदा भरायच्या आहेत. भाऊ म्हणतो, सगळं आधीच ठरलेलं असतं, वेळ घालवू नकोस. एक सल्लागार तीस हजार मागतोय आणि वर्षात एक तरी काम मिळवून देण्याची हमी देतोय. एवढ्या उलाढालीवर काही होईल का, आणि सुरुवात कुठून करायची?

मी वागळे इस्टेटमधून बरीच वर्षं सरकारी पुरवठा आणि कामं करतोय, दुसऱ्यांच्या निविदाही भरून देतो. त्यामुळे उत्तर लांबेल.

आधी उलाढालीचं बघू. मोठ्या कामांच्या पात्रतेसाठी केंद्रीय दक्षता आयोगाने २००२ साली एक सूत्र सुचवलं. थोडाफार फरक करून बहुतेक सरकारी संस्था आजही तेच वापरतात. गेल्या तीन वर्षांची सरासरी उलाढाल कामाच्या अंदाजित रकमेच्या ३० टक्के हवी. शिवाय गेल्या सात वर्षांत तशाच स्वरूपाची तीन कामं प्रत्येकी ४० टक्क्यांची, किंवा दोन कामं ५० टक्क्यांची, किंवा एकच काम ८० टक्क्यांचं पूर्ण केलेलं हवं. आता हिशोब मांडा. एक कोटी चाळीस लाखांच्या उलाढालीवर तुम्ही साडेचार कोटींच्या कामापर्यंत पात्र ठरता! म्हणजे उलाढालीवर तुमचं अडत नाही. अडतं ते दुसऱ्या अटीवर. तशाच स्वरूपाचं काम पूर्ण केल्याचा सरकारी दाखला तुमच्याकडे एकही नाही. दहा लाखांच्या कामाला एक आठ लाखांचा दाखला किंवा चार-चार लाखांचे तीन दाखले लागतील. पंचवीस लाखांच्या कामाला दहा-दहा लाखांचे तीन. नवीन माणूस इथेच अडकतो, आणि कारण न कळल्यामुळे 'सगळं ठरलेलं असतं' म्हणून घरी जातो.

म्हणून पहिल्या दोन-तीन कामांत किती पैसे सुटतील हा हिशोब करू नका. त्या कामातून दाखला कोणत्या रकमेचा, कोणत्या नावाचा आणि कोणाच्या सहीचा मिळणार, तेवढं बघा. तीन लाखांचं काम ना नफा ना तोटा या भावात करून वेळेत संपवलं, तरी पुढच्या सात वर्षांसाठी एक पायरी तयार होते. (तोट्यात मात्र करू नका. त्याकडे पुढे येतोच.)

दाखल्याचं थोडं खोलात सांगतो, कारण माणसं काम उत्तम करतात आणि दाखला भिकार घेतात. त्यावर कामाचं नाव निविदेत होतं तसंच्या तसं हवं. कार्यादेशाचा क्रमांक आणि तारीख, मंजूर रक्कम, प्रत्यक्ष झालेल्या कामाची रक्कम, सुरुवातीची व पूर्णत्वाची तारीख आणि काम समाधानकारक झाल्याचा शेरा हवा. जावक क्रमांक हवा. सही बांधकामाच्या कामांत कार्यकारी अभियंत्याची हवी. उपअभियंत्याच्या सहीचा कागद पुढच्या निविदेत तांत्रिक छाननीत उडतो, आणि तेव्हा ते कार्यकारी अभियंता बदलून गेलेले असतात. शेवटचं बिल निघालं की त्याच आठवड्यात अर्ज करा. मसुदा स्वतः टाइप करून न्या. त्यांना लिहायला वेळ नसतो, सही करायला असतो.

खासगी कामांचे दाखले चालतात का? काही निविदांत चालतात, पण सोबत त्या कंपनीने कापलेल्या टीडीएसचा पुरावा मागतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एखाद्या औषध कंपनीचं सहा लाखांचं रॅकचं काम तुम्ही केलं असेल, तर त्यांच्याकडून आजच पूर्णत्वाचं पत्र घ्या आणि आयकराच्या २६एएसमध्ये ती रक्कम दिसते का ते तपासा. रोखीने केलेलं काम मात्र इथे शून्य धरलं जातं.

दुसऱ्या ठेकेदाराच्या हाताखाली सबकाँट्रॅक्ट घेऊन शिकावं का? शिकायला हरकत नाही. साइट कळते, इंजिनिअर लोक ओळखीचे होतात. पण दाखला त्या ठेकेदाराच्या नावे निघतो. लेखी परवानगीचं सबकाँट्रॅक्ट नसेल तर तुमच्या पदरी अनुभव पडतो, कागद नाही. एखादं वर्ष ठीक, त्यात मुरू नका.

आता एक फरक नीट समजून घ्या. तुमच्या धंद्यात तो फार महत्त्वाचा आहे. 'पुरवठा' वेगळा आणि 'काम' वेगळं. शाळेला शंभर बाक बनवून पोहोचवले, तर तो पुरवठा. उद्यानाला रेलिंग बसवून दिलं, पाया खणला, काँक्रीट ओतलं, तर ते काम. कामाला बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाची योग्य वर्गातली ठेकेदार नोंदणी लागते आणि दर शासनाच्या दरसूचीवर चालतात. शिवाय छोट्या रकमेच्या कामांचं वाटप मजूर सहकारी संस्था ३३ टक्के, सुशिक्षित बेरोजगार अभियंते ३३ टक्के आणि खुले ठेकेदार ३४ टक्के असं होतं, म्हणजे तळाच्या पायरीवर तुम्हाला जागा कमीच. पुरवठ्यात यातलं जवळपास काही नाही. शिवाय सूक्ष्म-लघु उद्योगांसाठी केंद्राचं जे खरेदी धोरण आहे, ते वस्तू आणि सेवांना लागू होतं, बांधकामाच्या ठेक्यांना नाही. तेव्हा माझा सल्ला सरळ आहे. पहिलं वर्षभर रेलिंग विसरा. बाक, रॅक, कपाटं, स्टँड यांच्या पुरवठ्यातून आत शिरा.

हे धोरण म्हणजे २०१२ चा सार्वजनिक खरेदी आदेश. केंद्राची मंत्रालयं, खाती आणि सार्वजनिक कंपन्या यांनी वर्षाच्या खरेदीतली किमान २५ टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची. त्यातले ३ टक्के महिला उद्योजकांकडून आणि ४ टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांकडून. निविदेचा फॉर्म फुकट, निविदेसोबत भरायची बयाणा रक्कम माफ. आणि सगळ्यांत कामाची तरतूद अशी: सर्वांत कमी दर मोठ्या उद्योगाचा असेल आणि तुमचा दर त्याच्यापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असेल, तर तुम्हाला त्याच्या दराला यायची संधी मिळते. तुम्ही आलात, तर मागणी विभागण्यासारखी असल्यास किमान चौथा हिस्सा तुम्हाला. समजा त्याचा दर शंभर, तुमचा एकशे बारा. तुम्हाला विचारतील, शंभरला देता का? इथे भावनेच्या भरात 'हो' म्हणायचं नाही. शंभरला परवडतं का हे आधीच कागदावर मांडलेलं हवं.

यात दोन अटी आहेत. एक, हा फायदा स्वतः बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे, व्यापाऱ्याला नाही. उल्हासनगरहून कपाटं आणून आपलं स्टिकर लावलं तर तो व्यापार झाला. दोन, महिलेची मालकी खरी हवी. प्रोप्रायटरी तुमच्या नावावर आहे हे चांगलंच आहे. उद्या भावाला भागीदार घेतलंत, तर तुमचा हिस्सा ५१ टक्क्यांखाली जाऊ देऊ नका. आणि सही तुमची, डिजिटल स्वाक्षरी तुमची, मीटिंगला मात्र कायम भाऊ, असं चालवू नका. अधिकारी बोलत नाहीत, पण लक्षात ठेवतात.

हे सगळं केंद्राचं झालं. महापालिका, सिडको, एमआयडीसी, जिल्हा परिषद यांच्या निविदेत बयाणा माफी गृहीत धरू नका. निविदेत स्पष्ट लिहिलं असेल तरच ती आहे. उद्यमचं, म्हणजे लघु उद्योग नोंदणीचं, प्रमाणपत्र जोडलं, बयाणा भरला नाही, आणि दर उघडण्याआधी कागदपत्रांच्या पहिल्याच लिफाफ्यात बाद, असं दर महिन्याला कुणाचं तरी होतं.

म्हणूनच मी तुम्हाला आधी केंद्राच्या दारात पाठवीन, मग महापालिकेच्या. तुमचं सगळं लक्ष बेलापूरच्या महापालिका मुख्यालयावर आणि सिडको भवनावर आहे, पण तुमच्या वर्कशॉपपासून तासा-दीड तासाच्या अंतरात केंद्राचे किती खरेदीदार आहेत बघा. न्हावा-शेवाचं बंदर चालवणारं जेएनपीए, कोकण रेल्वेचं बेलापूरचं कार्यालय, मध्य रेल्वेच्या कारशेड, ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र, चेंबूरचा आरसीएफ हा खत कारखाना, माहुलची भारत पेट्रोलियमची रिफायनरी, टपाल, सीमाशुल्क, आयकर. यांना खुर्च्या, रॅक, लॉकर, ट्रॉल्या लागतातच. आणि सर्वसाधारण वस्तू त्यांना जेम या सरकारी खरेदीच्या ऑनलाइन पोर्टलवरूनच घ्याव्या लागतात. रेल्वेची स्वतःची आयआरईपीएस ही ई-निविदांची यंत्रणा वेगळी आहे, तिची नोंदणी वेगळी.

जेम २०१६ साली सुरू झालं. तिथे खरेदीच्या तीन पायऱ्या आहेत. पन्नास हजारांपर्यंत अधिकारी थेट कुणाकडूनही घेऊ शकतो. त्यावर दहा लाखांपर्यंत किमान तीन वेगवेगळ्या उत्पादकांचा माल तुलना करून, त्यातला सर्वांत स्वस्त. दहा लाखांच्या वर बिड, म्हणजे ऑनलाइन निविदा, किंवा विक्रेते दर खाली नेत जातात तो उलटा लिलाव. नवीन माणूस मोठ्या बिडांच्या मागे धावतो. तुम्ही पहिल्या दोन पायऱ्यांवर बसा. तिथे जिंकण्याची किल्ली कॅटलॉगमध्ये आहे. पत्र्याची जाडी, पावडर कोटिंग, माप, भार क्षमता, वॉरंटी, कुठल्या पिनकोडला पोहोचवता, हे सगळं पूर्ण भरलेलं आणि फोटो स्वच्छ. खरेदीदार फिल्टर लावतो. एक रकाना मोकळा राहिला की तुमचा माल त्याला दिसतच नाही. दर शेजारच्या विक्रेत्याचा बघून टाकू नका. त्याचा पत्रा ०.८ मिलिमीटरचा असेल आणि तुमचा एकचा.

जेमचं कुठलंही बिड उघडलं की आधी दोन ओळी शोधा. लघु उद्योगांना अनुभव आणि उलाढालीतून सूट आहे का, आणि खरेदीत प्राधान्य आहे का. दोन्हीकडे 'हो' असेल तर पुढे वाचा. 'नाही' असेल आणि अनुभव मागितला असेल तर बंद करा. एका मिनिटाचं काम आहे, त्यात आठवडा वाचतो.

राज्याच्या बाजूला सगळं महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर. तिथे संस्थेनुसार शोधता येतं. रोज सकाळी दहा मिनिटं द्या आणि नवी मुंबई महापालिका, ठाणे महापालिका, सिडको, एमआयडीसी, जिल्हा परिषद ठाणे, सार्वजनिक बांधकाम, एवढंच बघा. पैसे देऊन निविदांचे मेसेज मागवायची सुरुवातीला गरज नाही. ई-निविदेच्या मर्यादेखालची खरेदी दरपत्रकं मागवून होते, आणि ती पोर्टलवर दिसेलच असं नाही. त्यासाठी पायपीट करावी लागते. दिघ्यापासून बेलापूरपर्यंत नवी मुंबईची आठ विभाग कार्यालयं आहेत, ठाण्यात प्रभाग समित्या आहेत, शिवाय शिक्षण विभाग, उद्यान विभाग, रुग्णालयांची भांडारं. जाताना चार पानांची माहिती न्या, व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा नको. भांडारपाल हा माणूस दुर्लक्षू नका. कुठली कपाटं गंजली आणि कधी बदलणार हे त्याला सगळ्यांच्या आधी ठाऊक असतं.

फेरनिविदांवर विशेष नजर ठेवा. पहिल्या वेळी तीन निविदा आल्या नाहीत तर बहुतेक ठिकाणी मुदतवाढ देतात किंवा दुसऱ्यांदा मागवतात. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी गर्दी कमी असते, खात्यालाही काम उरकायचं असतं. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांचं पहिलं काम असंच आलं. मात्र आधी विचार करा की पहिल्या वेळी कुणी का भरली नाही. दर कमी होता, जागा अडचणीची होती, की पैसे वेळेत मिळत नाहीत म्हणून?

हाच तीन निविदांचा नियम तुम्हाला अडचणीतही आणेल. कुणीतरी फोन करेल, 'ताई, या कामाला तुमची एक निविदा टाका, दर आम्ही सांगतो, पुढच्या वेळी तुमचं बघू.' याला बाजारात सपोर्ट म्हणतात, स्पर्धा कायद्यात संगनमत म्हणतात. तिन्ही निविदा एकाच संगणकावरून भरल्याचं उघड झालं की तिघंही काळ्या यादीत जातात, आणि एका संस्थेची काळी यादी पुढच्या प्रत्येक निविदेतल्या प्रतिज्ञापत्रात तुमच्या मागे येते. नाही म्हणा. वाईटपणा येतो, तो येऊ द्या.

आता भावाच्या म्हणण्याकडे वळतो. काही निविदा ठरलेल्या असतात, हे खरं आहे. ते कागदातच दिसतं. बाकाच्या पुरवठ्याला एकाच कंपनीच्या मालाचं वर्णन मिलिमीटरसकट उतरवलेलं असतं. साध्या कामाला विशिष्ट यंत्र स्वतःच्या मालकीचं हवं असतं. किंवा जागा पाहिल्याचा दाखला अधिकाऱ्याच्या सहीने आणा, आणि तो अधिकारी सापडत नाही. शेवटच्या तारखेला पाच दिवस, त्यात तीन सुट्टीचे. असं दिसलं की दोन मार्ग. निविदापूर्व बैठक असेल तर लेखी हरकत द्या, ईमेलने, शांत भाषेत, अमुक अटीमुळे स्पर्धा कमी होते, ती अशी बदलावी. कधीकधी शुद्धिपत्रक निघतं आणि अट सैल होते, हे मी पाहिलेलं आहे. नाही निघालं तर सोडून द्या आणि पुढची बघा. ठरलेल्या निविदेवर रडण्यात जो वेळ जातो, त्यात न ठरलेल्या दोन निघून जातात. आणि माझं मत विचाराल तर छोट्या रकमेच्या पुरवठ्यात बाद होणाऱ्यांपैकी बहुतेक जण कागदामुळे होतात, कारस्थानामुळे नाही.

टक्केवारीचंही स्पष्ट बोलू, नाहीतर ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखं होईल. मागणी होते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवणाऱ्याला संरक्षण आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४. कुणी किती धाडस करावं हे मी ठरवणार नाही. पण दर भरताना 'तेवढे टक्के धरून ठेवा' असा सल्ला देणारा सल्लागार भेटला, तर तो तुमचा माणूस नाही एवढं ओळखा.

आणि तीस हजारांची हमी? हमी कुणीच देऊ शकत नाही. जो देतो तो एक तर खोटं बोलतो, किंवा खरं बोलतो आणि ते जास्त वाईट. निविदा अपलोड करून देणाऱ्याला कामापुरते पैसे द्या, त्यात गैर काही नाही. फक्त डिजिटल स्वाक्षरीचं टोकन त्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका. ते टोकन म्हणजे कोऱ्या कागदावरची तुमची सही. उद्यमची नोंदणी तर पूर्ण फुकट आहे, सरकारी संकेतस्थळावर आधार-पॅनवर होते. त्यासाठी कुणी हजार मागितले तर हसून निघा. उद्यममध्ये उत्पादनाचे कोड बरोबर टाकलेत का तेवढं पाहा. फर्निचर आणि धातूच्या वस्तूंचं उत्पादन दिसलं पाहिजे. बऱ्याच जणांच्या प्रमाणपत्रावर एजंटाने व्यापार टाकून ठेवलेला असतो.

बाकी कागद नेहमीचेच. पॅन, जीएसटी, व्यवसाय कर, पीएफ व ईएसआयसी, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, सीएचा उलाढालीचा दाखला यूडीआयएन या पडताळणी क्रमांकासह, मागितला तर बँकेचा पतदारीचा दाखला. तृतीय श्रेणीची डिजिटल स्वाक्षरी घ्या, सही आणि एन्क्रिप्शन दोन्ही असलेली. मुदत संपायच्या महिनाभर आधी नूतनीकरण. महाटेंडर्सवर दराची एक्सेल फाइल उतरवली की तिचं नाव बदलायचं नाही, रकाने हलवायचे नाहीत, नाहीतर ती चढत नाही. बयाणा एनईएफटीने भरणार असाल तर चलन काढून दोन दिवस आधी भरा, कारण पैसे पोहोचल्याची नोंद पोर्टलवर दिसल्याशिवाय निविदा पुढे सरकत नाही. आणि शेवटच्या दिवशी दुपारी बसू नका. त्या दिवशी अख्खा महाराष्ट्र बसलेला असतो.

दर. इथे माणसं बुडतात. खासगी गिऱ्हाइकाला देता तो दर इथे चालणार नाही, कारण पैसे वेगळ्या वेगाने येतात. उदाहरणाला दहा लाखांचं बसवण्याचं काम घ्या, वर १८ टक्के जीएसटी, बिल अकरा लाख ऐंशी हजार. प्रोप्रायटरी म्हणून आयकराचा टीडीएस १ टक्का, दहा हजार. जीएसटीचा टीडीएस २ टक्के, वीस हजार. अडीच लाखांवरच्या प्रत्येक करारावर तो कापतात. बांधकामात मोडत असेल तर कामगार कल्याण उपकर १ टक्का, दहा हजार, आणि हा परत येत नाही. सुरक्षा अनामत ५ टक्के धरा, पन्नास हजार, दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातला दोष तुम्ही दुरुस्त करून द्यायची मुदत, संपेपर्यंत अडकली. म्हणजे नव्वद हजार बाजूला गेले. जीएसटी मात्र बिल केलं की पुढच्या महिन्यात भरायचा, खात्याचे पैसे आलेले असोत वा नसोत. पत्र्याचा व्यापारी तीस दिवसांत मागतो, कामगार सात तारखेला. म्हणून मालाचा खर्च, मजुरी, रबाळ्याहून वाहतूक, उतराई, कपात, आणि अडकलेल्या रकमेवरचं चार महिन्यांचं व्याज हे सगळं मिळवून वर नफा धरायचा. एवढं करून दर बाजारात बसत नसेल तर ती निविदा तुमची नाही.

'वीस टक्के बिलो', म्हणजे अंदाजित रकमेच्या वीस टक्के खाली, जाऊन काम घेणाऱ्यांशी शर्यत लावू नका. बांधकामाच्या निविदांत फार खाली गेलं की अतिरिक्त सुरक्षा ठेव भरावी लागते. म्हणजे नफाही नाही आणि भांडवलही अडकलं. खाली जाणाऱ्याचं गणित वेगळं असू शकतं. त्याच्याकडे पत्रा पडून असेल, किंवा त्यालाही दाखलाच हवा असेल. प्रत्येक निविदेचा निकाल पोर्टलवर दिसतो, कोणी किती भरले त्याचा तक्ता असतो. हरलात तरी तो उतरवून वहीत लिहा. खातं, काम, अंदाजित रक्कम, पहिल्या तिघांचे दर. वर्षभरात तुम्हाला कुठलं खातं कुठल्या भावाला जातं ते कळेल. ही वही कुठलाच सल्लागार विकत देणार नाही.

दर भरण्याआधी अजून एक प्रश्न विचारा, जो नवीन माणूस कधीच विचारत नाही: निधी कुठल्या लेखाशीर्षातून, म्हणजे अंदाजपत्रकातल्या कुठल्या खात्यातून? महापालिकेच्या स्वतःच्या अंदाजपत्रकात तरतूद असेल तर बरं. शासनाच्या अनुदानातून असेल आणि अनुदानाचा पुढचा हप्ता यायचा असेल, तर तुमचं बिल त्या हप्त्याच्या मागे उभं राहील. कनिष्ठ अभियंत्याला नम्रपणे विचारलं तर तो सांगतो.

बिलाचा प्रवासही समजून घ्या. कामाची नोंद मोजमाप पुस्तकात होते, ज्याला सगळे एमबी म्हणतात. कनिष्ठ अभियंता लिहितो, उपअभियंता तपासतो, कार्यकारी अभियंता मंजूर करतो, मग लेखा विभाग, लेखापरीक्षण, आणि मग पैसे. पुरवठ्यात एमबीच्या जागी भांडाराची पावती आणि तपासणीचा शेरा. फाइल कुठल्या टेबलावर आहे हे आठवड्यातून एकदा विचारायचं, रोज नाही. त्रुटी निघाली तर त्याच दिवशी कागद द्यायचा. मार्चमध्ये घाई सगळ्यांना असते. ३१ मार्चला तरतूद संपते, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत माल पोहोचला तर बिल त्याच वर्षात निघण्याची शक्यता जास्त. निवडणुकीची आचारसंहिता लागली की नवीन निविदा थांबतात, हेही कॅलेंडरमध्ये धरा.

पैसे रखडलेच तर २००६ च्या एमएसएमई कायद्यात तरतूद आहे. खरेदीदाराने ४५ दिवसांच्या आत द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रार केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर करता येते, ती राज्याच्या सुविधा परिषदेकडे जाते. यासाठी उद्यम नोंदणी मागणी मिळण्याच्या आधीची हवी. पुरवठ्याला हे हत्यार चांगलं लागू पडतं. बांधकामाच्या ठेक्यांबाबत न्यायालयांनी वेगळी भूमिका घेतलेली आहे, तेव्हा तिथे त्यावर विसंबू नका. आणि हत्यार उपसण्याआधी तीन लेखी स्मरणपत्रं द्या. बऱ्याचदा तिसऱ्या पत्रात कलमाचा उल्लेख केला की पुढचं करावंच लागत नाही. मोठ्या केंद्रीय कंपन्यांकडे माल गेला असेल तर बिल ट्रेड्स या बिलं वटवण्याच्या ऑनलाइन यंत्रणेवर चढवून बँकेकडून आधी पैसे घेता येतात, थोडं व्याज जातं.

एकट्याने सगळं शोधत बसू नका. वागळे इस्टेटला टिसा ही लघु उद्योजकांची संघटना आहे, रबाळ्याला तुमच्या शेजारीच ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन आहे. साकीनाक्याचं केंद्राचं एमएसएमई कार्यालय विक्रेता विकास मेळावे घेतं. तिथे सार्वजनिक कंपन्यांचे खरेदी अधिकारी समोर बसलेले असतात आणि त्यांना काय हवं ते स्वतः सांगतात. भाषणं सुरू झाली की बाहेर येऊन स्टॉलवर जा, काम तिथे होतं.

खासगी गिऱ्हाइकं मात्र सोडू नका, हातचं सोडून पळत्यापाठी लागल्यासारखं होईल. पहिली दोन वर्षं सरकारी कामात अडकलेली रक्कम तुमच्या खेळत्या भांडवलाच्या चौथ्या हिश्श्यापुढे जाऊ देऊ नका. पंधरा लाखांचं भांडवल असेल तर पावणेचार लाख, त्यातला शेवटचा रुपया परत आल्याशिवाय दुसरी मोठी निविदा नाही. सोसायट्यांची गेटं पगार काढतात, तोवर सरकारी बिल टेबलावरून टेबलावर जायला मोकळं असतं.

या महिन्यात उद्यम तपासून कोड दुरुस्त करा, डिजिटल स्वाक्षरी काढा आणि जेमवर विक्रेता म्हणून नोंदणी करून फक्त तीन वस्तू चढवा. स्लॉटेड अँगलचं रॅक, लॉकर आणि शाळेचा बाक. महाटेंडर्सवर नोंदणी करून महिनाभर काहीही न भरता नुसते निकाल वाचा. सल्लागाराला नको म्हणून कळवा. आणि वर म्हटलं तसं एखाद्या औषध कंपनीचं काम केलं असेल, तर तिचं पूर्णत्वाचं पत्र आधी मागा. त्यांचा खरेदी अधिकारी बदलण्याच्या आत ते मिळालं पाहिजे.